गवतात अडकणारा लिपलेस क्रँकबेट कसा चालवावा?

आपण विचारले आहे की, पूर्व टेक्सासमध्ये हिवाळ्याच्या अखेरीस लिपलेस क्रँकबेट (माशाच्या आकाराचे, ओढले की थरथरणारे कृत्रिम आमिष) वापरताना तो पाण्यातल्या गवतात सारखा अडकतो आणि गवत टाळून ओढला तर बास मासा लागत नाही, तेव्हा नेमके काय चुकते? अँजेलिना नदीवरच्या सॅम रेबर्न जलाशयावर मी याच दिवसांत गळ टाकतो, आणि तिथल्या अनुभवावरून सांगतो की गवत टाळणे हीच चूक आहे. मीही पहिले दोन हिवाळे गवताच्या कडेने आमिष फिरवण्यात घालवले.

साध्या क्रँकबेटच्या तोंडाशी प्लास्टिकची पट्टी असते आणि ती त्याला खाली नेते. लिपलेसला ती नसल्यामुळे तो सोडला की बुडतो आणि किती खोलीवर चालेल हे सर्वस्वी आपल्या हातात राहते. दोरी पाठीवरच्या कडीला बांधलेली असल्यामुळे ओढताना सपाट कपाळावर पाणी आदळते, अंग जलद थरथरते आणि पोटातल्या गोळ्या खुळखुळ्यासारख्या वाजतात. गढूळ पाण्यात बास डोळ्यांपेक्षा कानांवर आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या, कंपने टिपणाऱ्या पार्श्वरेषेवर अधिक विसंबतो, म्हणून हे आमिष त्याला दुरूनही जाणवते. मात्र जाणवणे वेगळे आणि तोंड घालणे वेगळे. पाणी ५० ते ५५ अंश फॅरनहाइट असताना मासा एकाच चालीने जाणाऱ्या आमिषाच्या मागे बराच वेळ नुसता येत राहतो, आणि त्या चालीत अचानक खंड पडला की झडप घालतो. तो खंड गवत आपल्याला आयता पाडून देते.

चार ते सात फूट पाण्यात जिथे हायड्रिला या पाणगवताचे शेंडे पृष्ठभागापासून दोन-तीन फूट खाली आहेत, तिथे अर्ध्या औंसाचे आमिष लांब फेका आणि शेंड्यांना निसटते घासेल इतक्या वेगाने ओढा. फेकल्यावर किती बुडू द्यायचे हे ठरवण्यासाठी काठाजवळच्या स्वच्छ पाण्यात आपले आमिष सेकंदाला किती उतरते ते एकदा मोजून ठेवा; माझे साधारण फूटभर उतरते. काठीवरची थरथर एकदम थांबून जडपणा आला की आमिष गवतात रुतले आहे असे समजावे. तेव्हा रीळ फिरवत राहू नका. काठी बाजूला नेऊन मनगटाने एक आखूड, जोरदार हिसका द्या. हिरवा धागा तुटतो, आमिष उसळून मोकळे होते, आणि त्यानंतरचा एक-दोन सेकंदांचा उतार हाच खरा महत्त्वाचा असतो. त्या वेळी दोरी पूर्ण सैल सोडू नका आणि ताणूही नका. जिथे ती पाण्यात शिरते तिथे नजर ठेवा. दोरी मध्येच थबकली किंवा बोटभर बाजूला सरकली तर मासा लागलेला आहे, मग हाताला धक्का जाणवो वा न जाणवो.

गवत नसलेल्या दहा-पंधरा फूट पाण्यात हेच आमिष तळाला टेकवून काठीने दोन फूट उचलावे आणि पुन्हा पडू द्यावे.

रंगाविषयी मी फार आग्रही नाही. या दिवसांत तळाच्या क्रॉफिशसारखा (झिंग्यासारखा दिसणारा गोड्या पाण्यातला प्राणी) तांबडा रंग आणि शरदात शॅड माशांसारखा चंदेरी, एवढे पुरते.

लागलेले मासे निसटण्याचा त्रास मात्र आपल्याला नक्की होईल. आमिष जड असते, मासा पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो तेव्हा त्या वजनाचाच उपयोग करून तीन आकड्यांचा गळ सोडवून घेतो. त्यासाठी सात फुटी, मध्यापर्यंत वाकणारी काठी घ्या, १५ ते १७ पौंडी फ्लोरोकार्बन (एकसंध प्लास्टिकची) दोरी वापरा, काठीचे टोक पाण्याजवळ ठेवा आणि मासा लागल्यावर झटका न देता नुसता ताण वाढवा. विणलेली दोरी गवत चांगले कापते, पण ती लांबत नसल्यामुळे कडक काठीबरोबर ती गळ माशाच्या तोंडातून फाडून काढते. दर चार-पाच फेऱ्यांनी आकड्यांची टोके नखावर घासून पाहा. ती न रुतता घसरली तर गळ बदला.

आमिषावर अडकलेले तुकडे तिथल्या तिथे काढा आणि निघताना नाव व ट्रेलरही तपासा, कारण हायड्रिला लहानशा तुकड्यापासून पुन्हा वाढते आणि टेक्सासमध्ये ती दुसऱ्या तलावावर नेण्यास कायद्याने बंदी आहे.