ग्रीक देवांच्या नावांत सेमिटिक किती?

अ‍ॅफ्रोडाइटी ही ग्रीक प्रेमदेवता म्हणजे फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या लोकांची) देवी अश्तार्तच का, आणि बाकीच्या ग्रीक देवांची नावंही तिकडची, म्हणजे सेमिटिक (हिब्रू, अरबीच्या भाषाकुळातली) का, असा प्रश्न आहे. इथे देव कुठून आला आणि नाव कुठून आलं, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. बहुतेक घोळ ते एकत्र केल्यानेच होतो.

सगळ्यांत भक्कम उदाहरण अडोनिसचं, म्हणजे या देवीच्या तरुणपणी मेलेल्या प्रियकराचं. कनानी भाषांत (फिनिशियन, हिब्रू यांच्या गटात) ‘अदोन’ म्हणजे स्वामी, ‘अदोनी’ म्हणजे माझा स्वामी. शेवटचा ‘स’ ग्रीक प्रथमा विभक्तीचा. विधीही जुळतो. इ.स.पू. 600च्या सुमारास ग्रीक कवयित्री सॅफोच्या ओळींत मुली अडोनिससाठी ऊर बडवतात, तर बायबलमध्ये (यहेज्केल 8:14) जेरुसलेमच्या बायका तम्मूज या मेसोपोटेमियातल्या, तसाच मरणाऱ्या देवासाठी रडतात. बहुधा शोकातली हाकच ग्रीकांनी नाव म्हणून उचलली.

अ‍ॅफ्रोडाइटीचं तसं नाही. सायप्रसचं तिचं देऊळ पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अश्कलोनच्या देवळावरून झालं, असं खुद्द सायप्रसवासी म्हणत, हे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. म्हणजे पूजेचा धागा पूर्वेकडे जातो. पण ‘अश्तार्त’मधल्या ‘श्त’चा ‘फ्र’ कसा झाला? त्याला दुसरा दाखला नाही. ‘अफ्रोस’ म्हणजे फेस, ही ग्रीक कवी हेसिअडची फोडही लोकव्युत्पत्तीच.

नाव तपासताना आधी लिनिअर बी या जुन्या ग्रीक लिपीतल्या मातीच्या पाट्या पाहा. झ्यूस, हेरा, पोसायडन, हर्मिस, डायोनिसस तिथे सापडतात, अ‍ॅफ्रोडाइटी नाही. यावरून ती तेव्हा नव्हतीच असं मात्र ठरत नाही, कारण त्या पाट्या लोकर, तेल, धान्याचे हिशेब आहेत. (झ्यूसचा प्रश्नच नाही, तो आपल्या ऋग्वेदातल्या ‘द्यौः’चा सख्खा भाऊ.)

मग व्यंजनं. पक्क्या उसनवारीशी ताडून पाहा: अक्कादी (जुन्या मेसोपोटेमियाची सेमिटिक भाषा) ‘हुरासु’, ग्रीक ‘ख्रुसोस’, म्हणजे सोनं. युरोपा, झ्यूसने पळवलेली फिनिशियन राजकन्या, इथेच अडखळते. ती ‘अ-र-ब’ म्हणजे सूर्यास्त या धातूवरून आली म्हणतात, पण सेमिटिक ‘ब’चा ग्रीकमध्ये ‘प’ का व्हावा? लिपी घेताना ‘बेथ’चा ‘बीटा’च झाला. तिचा भाऊ कॅडमस, त्याला ‘क-द-म’, म्हणजे पूर्व, चपखल बसतं आणि कथेतही तो फिनिशियाचाच. तरी तो देव नव्हे, वीर.

नुसती व्यंजनं जुळली म्हणूनही हुरळू नका. सामोथ्रेस या ग्रीक बेटावरच्या काबेइरोई देवांना ‘क-ब-र’, म्हणजे मोठा, हा धातू लावतात. ग्रीकही त्यांना ‘थोर देव’ म्हणत. पण याच नावाला युरोपीय पंडितांनी आपला कुबेरही जोडून पाहिला आहे. सेमिटिक धातूसारखा तीन व्यंजनांचा सांगाडा हाती असला की काहीही जुळतं.