आत्याच्या वाट्याला अर्धेच वाक्य

प्रश्न : मी २३ वर्षांची भरतनाट्यम् नर्तिका आहे. मी आठ वर्षांची असताना आईबाबा विभक्त झाले आणि त्यानंतर बाबा मला कधीच भेटले नाहीत. आईने मला एकटीने वाढवले आणि नृत्यही शिकू दिले. तिला दुखवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. तरीही गेली काही वर्षे मी बाबांचा शोध घेत आहे. समाजमाध्यमांवर त्यांच्या नावाची असंख्य खाती पाहिली, त्यांच्या जुन्या कार्यालयात चौकशी केली, पण हाती काही लागले नाही. त्यांच्याकडच्या कोणाशी आता संबंध उरलेला नाही, मी तारीख कळवते म्हणून आत्या तेवढी कार्यक्रमांना येते, मागे बसून सगळे मोबाइलवर टिपते आणि शेवटची रचना, मंगलम्, सुरू होताच निघून जाते. दोन महिन्यांनी माझा एकल कार्यक्रम आहे. लव-कुशांनी श्रीरामांसमोर रामायण गायले तो प्रसंग मी त्यात बसवत आहे. त्याआधी बाबांचा जुना फोटो दाखवून ‘हे माझे वडील, कोणाला ठाऊक असल्यास कळवा’ असे आवाहन करणारी चित्रफीत प्रसारित करावी का?

उत्तर : चित्रफीत प्रसारित करू नकोस. का करू नकोस ते पुढे सांगते. आधी, जिला तू अर्ध्या वाक्यात निकालात काढलेस त्या आत्याविषयी मला बोलायचे आहे.

अनोळखी माणसांची खाती तू धुंडाळलीस, वडील ज्या कार्यालयातून कधीच निघून गेले तिथे जाऊन चौकशी केलीस, आणि आता फोटो जगापुढे ठेवून वाटेल त्याला विचारायला निघाली आहेस. त्यांची सख्खी बहीण मात्र तुझ्याच प्रेक्षागृहात येऊन बसते, तिचा नंबर तुझ्यापाशी आहे, आणि तिला तू काही विचारल्याचा पत्रात कुठेही उल्लेख नाही. विचारले असतेस तर ते लिहिल्यावाचून तू राहिली नसतीस, एवढे मी खात्रीने म्हणते. शिवाय ‘कोणाशी संबंध उरलेला नाही’ हे ज्या वाक्यात लिहिलेस, त्याच वाक्यात ती येते हेही लिहिलेस. एवढी वर्षे न चुकता येणाऱ्या माणसाला संबंधांत मोजायचे नाही, हे तू केव्हा आणि कशावरून ठरवलेस?

आणि ती नुसती येत नाही, सगळे टिपते. एखादी छोटी रचना हौसेने चित्रित करणे वेगळे. वर्णम् ही कार्यक्रमातली मुख्य रचना अर्धा-पाऊण तास चालते, आणि तेवढा वेळ मोबाइल स्थिर धरून ठेवणाऱ्याला हात तर दुखतोच, पण नृत्यही धड पाहायला मिळत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष हातातल्या पडद्यावर असते. तुझी आत्या समोरचे नृत्य सोडून ते चित्रण पदरात पाडून घेते आणि कोणाशी बोलावे लागण्याआधी निघून जाते. ते चित्रण तुझ्या वडिलांपर्यंत पोहोचते असे मी म्हणत नाही. तिला स्वतःलाच ते पुनःपुन्हा पाहायचे असेल, तुझ्या आजीला दाखवायचे असेल, किंवा तुझ्यासमोर बसून राहण्याचा संकोच झाकायला हातात काहीतरी असावे असे तिला वाटत असेल. पण ती हे कोणासाठी करते, असा प्रश्न तुला एकदाही पडू नये? ती सगळे टिपते हे पत्रात तूच लिहिले आहेस. तुला हे दिसले नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. तुला ते दिसले आणि तू विचारायचे टाळलेस, असे मला वाटते.

टाळण्याचे कारणही मला समजते, आणि इथे माझा राग थोडा ओसरतो. शोध चालू आहे तोवर वडील न सापडणारे असतात. आत्याला विचारले की एका क्षणात ते कदाचित न आलेले ठरतात : पत्ता होता, तारीख माहीत होती, तरी आले नाहीत. या दोहोंतले पहिले दुःख बाळगायला पुष्कळ सोपे आहे. तुझ्यासारख्या धडधाकट, कष्टाळू मुलीने वर्षानुवर्षे चुकीच्याच ठिकाणी शोध घेत राहावे, याचा दुसरा अर्थ मला लागत नाही.

आता लव-कुशांकडे येते, कारण हा प्रसंग तू उगाच निवडलेला नाहीस. एकल नृत्यात लव तूच, कुश तूच आणि ऐकणारा रामही तूच असतेस. मुले गात असताना बापाच्या चेहऱ्यावर ओळख कधी उमटावी, डोळे कधी भरून यावेत, हे सारे तू ठरवतेस. रंगमंचावर ते सुंदर होईल यात मला शंका नाही. प्रेक्षागृहात बसलेल्या खऱ्या माणसाचा चेहरा मात्र तुझ्या नट्टुवांगाच्या, म्हणजे झांजांच्या, तालावर चालणार नाही. पंधरा वर्षांनी मुलीला पाहणारा माणूस शेकडो अनोळखी लोकांच्या देखत ओशाळेल, चिडेल किंवा सरळ उठून जाईल, आणि तुला तर पुढची रचना सादर करायचीच असेल.

शिवाय ती कथा तू नेमकी कुठे थांबवणार आहेस? उत्तरकांडात वाल्मीकी मुलांना बजावतात की रोज वीस सर्ग गा, धनाचा लोभ धरू नका, आणि कोणाचे पुत्र म्हणून विचारले तर वाल्मीकींचे शिष्य आहोत एवढेच सांगा. राम अठरा हजार सुवर्णमुद्रा देऊ करतो आणि मुले त्या नाकारतात. गाण्याच्या ओघात रामाला कळते की ही सीतेची मुले आहेत. नृत्यरचना इथे मंगल वाद्ये वाजवून थांबू शकते. मूळ कथा थांबत नाही. ओळख पटताच सीतेला सभेत बोलावले जाते, साऱ्यांसमोर तिच्याकडे शुद्धीची शपथ मागितली जाते, आणि ती पृथ्वीच्या पोटात निघून जाते. मुलांची आणि बापाची ओळख सभेत पटली, त्याची किंमत आईने मोजली.

तुझ्या चित्रफितीचेही असेच होईल. वडिलांच्या फोटोखाली पहिला प्रश्न विचारला जाईल तो त्यांनी घर का सोडले हा, आणि त्याचे उत्तर ज्यांना काहीही ठाऊक नाही अशी माणसे तुझ्या आईचे नाव घेऊन देतील. खोटे पत्ते कळवणारे येतील, मदतीच्या बदल्यात पैसे मागणारे येतील. आणि वडिलांना गाठायचेच असले, तरी त्यांचा चेहरा त्यांना न विचारता असा फिरवण्याचा हक्क तुला नाही. त्यांनी तुझ्याशी कसेही वागलेले असो.

आईला दुखवायचे नाही, असे तू लिहिले आहेस. ते वाक्य मला पटले नाही. तुझी आई तुझ्या कार्यक्रमांना हजर असणारच, आणि मागे बसलेली नणंद तिला आजवर दिसली नसेल असे मला वाटत नाही. तरी तिने तिला येऊ दिले आणि तुला तारीख कळवण्यापासून अडवले नाही. म्हणजे ती तुला वाटते तेवढी नाजूक नाही. तिची परवानगी मागू नकोस, पण तिला अंधारातही ठेवू नकोस. आत्याशी बोलणार आहेस हे तिला आधी सांग आणि मग बोल.

आत्याला ‘बाबा कुठे आहेत’ हे पहिल्याच वाक्यात विचारू नकोस, कारण त्या प्रश्नापुढे तिला भावाची बाजू सांभाळावीशी वाटेल. ‘आत्या, तू माझे जे चित्रण करतेस ते कोण पाहते?’ एवढेच विचार आणि ती बोलेपर्यंत गप्प राहा. ती रडली तर रडू दे. वडील आजारी आहेत, दुसऱ्या संसारात आहेत, हयात नाहीत, किंवा सगळे पाहूनही त्यांना भेटायचे नाही, यांपैकी काहीही निघू शकते, आणि ते ऐकायचे बळ घरी आई जवळ असताना तुला जितके असेल, तितके मेकअप करून विंगेत उभे असताना नसेल. भेटायची त्यांची तयारी असेल तर ती भेट कार्यक्रमाच्या दिवशी ठेवू नकोस. त्याच्या पुष्कळ आधी किंवा पुष्कळ नंतर ठेव, चार भिंतींच्या आत, आणि त्या दिवशी नाचू नकोस. तयारी नसेल तर एक पत्र लिहून आत्याच्या हाती दे आणि उत्तराची मुदत घालू नकोस.

लव-कुश जरूर बसव. जमले तर सीतेच्या शपथेपर्यंत ने. तो अभिनय तुला आता अधिक कळेल, असे मला वाटते. कार्यक्रमाची तारीख तू आत्याला कळवणारच आहेस. या वेळी संदेश पाठवू नकोस, फोन कर, याच आठवड्यात कर, आणि तारीख सांगण्याआधी तो प्रश्न विचार.