मदरबोर्ड बदलताय? आधी विंडोजचं लायसन्स बघा

रॅम किंवा एसएसडी बदलल्याने सहसा काही बिघडत नाही. खरी गोची मदरबोर्डची, कारण डिजिटल लायसन्स (म्हणजे की न टाकता विंडोज अस्सल ठरवणारी नोंद) मुख्यतः त्यालाच बांधलेलं असतं. म्हणून जुना बोर्ड काढण्याआधीच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय' (इंग्रजीत, स्लॅशआधी एक जागा सोडून) चालवा. खिडकीत 'रिटेल' (सुटं विकत घेतलेलं) दिसलं तर निर्धास्त राहा. 'ओईएम' (पीसीबरोबरच आलेलं) दिसलं तर लायसन्स जुन्या बोर्डाबरोबरच गेलं म्हणून समजा.

रिटेल असेल तर बोर्ड बदलण्यापूर्वी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून ठेवा. हे राहून गेलं की लोक नंतर डोकं धरून बसतात! बदलल्यावर सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन, ट्रबलशूट. तिथे 'हार्डवेअर नुकतंच बदललं' निवडून यादीतला आपला पीसी दाखवा. विंडोजची होम आवृत्ती होती आणि तिच्या जागी प्रो टाकलं असेल तर मात्र अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही.