ज्युव्हेनाइल हॉलमध्ये लघवी तपासली म्हणजे भाच्यावर संशय घेतला का?

तुमचा सोळा वर्षांचा भाचा कॅलिफोर्नियात तीन रात्री ज्युव्हेनाइल हॉलमध्ये, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या कोठडीत, होता. तिथे त्याची लैंगिक आजारांची तपासणी झाली. घरच्यांना कुणी विचारलं नाही आणि आता रिपोर्ट मागितला तर देत नाहीत. ‘आमच्या मुलात त्यांना असं काय दिसलं?’ हा तुमच्या वहिनींचा प्रश्न. मी याच राज्यातल्या एका काउंटीच्या हॉलमध्ये नऊ वर्षं नर्स होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

त्याच्यात कुणाला काहीही दिसलेलं नाही. कुणी चोरीच्या गाडीत सापडलेला असो, कुणी शाळेत मारामारी केलेली असो, आत आलेल्या प्रत्येकाच्या हातात लघवीसाठीचा कप ठेवला जातो. सीडीसीची, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची, शिफारसच आहे की कोठडीत येणाऱ्या 35 वर्षांपर्यंतच्या स्त्रिया आणि तिशीच्या आतले पुरुष यांची क्लॅमिडिया आणि गनोरिया या दोन लैंगिक आजारांसाठी दाखल होतानाच तपासणी करावी. ज्युव्हेनाइल हॉलमधली सगळीच मुलं यात बसतात. शिवाय आल्यापासून 96 तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, असा राज्याचा नियम आहे. लघवी घेणं हा त्यातलाच एक भाग.

पण मग ‘काही त्रास आहे का’ असं नुसतं विचारून का भागत नाही? मी नर्सिंग मुंबईत केलं. तिथल्या ओपीडीत पेशंट तक्रार सांगायचा आणि त्यावरून रंगीत किट दिलं जायचं. स्राव असेल तर राखाडी किट, म्हणजे अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम. ज्याला त्रास होतोय त्याच्यासाठी पद्धत चांगली. क्लॅमिडियाची गोम अशी की बहुतेकांना काहीच होत नाही. ना जळजळ, ना स्राव, ना ताप. मुलगा चांगला बास्केटबॉल खेळत असतो. मुलींमध्ये मात्र हा आजार कधीकधी गुपचूप वर गर्भनलिकेपर्यंत जातो आणि दहा वर्षांनी मूल होत नाही किंवा गर्भ नलिकेतच राहतो, तेव्हा कळतं. अमेरिकेत 2023 मध्ये क्लॅमिडियाच्या सोळा लाखांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त 15 ते 24 वयाच्या. हॉलमध्ये येणारी बरीच मुलं एरवी डॉक्टरकडे फिरकलेलीच नसतात. म्हणून जिथे सापडली तिथे तपासायची.

आता कपाबद्दल. प्रत्येक मुलाला ती ड्रग टेस्टच वाटते. माझ्याकडे कपात चक्क नळाचं पाणी आलेलं आहे, तेही गरम, हुशारीने! त्यामुळे माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: ‘हे प्रोबेशनवाल्यांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे.’ (प्रोबेशन म्हणजे हॉल चालवणारं आणि मुलांवर देखरेख ठेवणारं खातं.) दुसरं म्हणजे नेहमीच्या तपासणीत मधली धार घेतात, इथे अगदी पहिली धार लागते, वीस-तीस मिलिलिटर. त्याआधी तासभर बाथरूमला गेलेलं नको. मुलं प्रामाणिकपणे काठोकाठ कप भरून आणायची आणि नमुना पातळ व्हायचा. शेवटी मी कपावर मार्करने रेघ मारायला लागले. हे सगळं एका कपात होतं हीसुद्धा चैनच म्हणायची. लघवीवरची जनुकीय चाचणी येण्यापूर्वी मुलांच्या मूत्रमार्गात स्वॅब घालायचे. सरसकट सगळ्यांना तसं करायचं म्हटलं असतं तर कोण तयार झालं असतं?

परवानगीचं म्हणाल तर ती त्याचीच. कॅलिफोर्नियात बारा किंवा त्याहून जास्त वर्षांच्या मुलाला लैंगिक आजारांच्या तपासणीला आणि उपचाराला स्वतः संमती देता येते. वयाची अट थोडीफार बदलते, पण अल्पवयीन मुलांना हा अधिकार अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत आहे. नको म्हणाला असता तर आमच्याकडे तरी कुणी सक्ती केली नसती. आणि संमती त्याची म्हणून रिपोर्टही त्याचाच. नर्सने तुमच्या भावाला सांगायला नकार दिला तो उर्मटपणा नव्हे, सांगितलं असतं तर तिची नोकरी गेली असती. मला आई म्हणून हे खटकतं का? खटकतं. माझी मुलगी बारा वर्षांची झाली त्या वर्षी मीही डॉक्टरच्या पोर्टलवर तिचं पान उघडायला गेले आणि ते अर्धंच उघडलं. पण आईला कळणार या भीतीने ‘नको’ म्हणणारी मुलं मी मोजता येणार नाहीत इतकी पाहिली आहेत. याला एक अपवाद आहे. जबरदस्ती झाली असेल, किंवा वयाने बऱ्याच मोठ्या माणसाशी संबंध असेल, तर आम्हाला वर कळवावंच लागतं, आणि हे मुलांना आधीच सांगायचं असतं.

वहिनींची चिंता मी समजू शकते. ‘गुप्तरोग’ हा आपला शब्दच असा आहे की ऐकल्याबरोबर माणूस दार लावून घेतो. पण मला खरी चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

तुमचा भाचा तीन रात्री होता. लॅबचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, मध्ये शनिवार-रविवार आला की जास्त. म्हणजे रिपोर्ट आला तेव्हा तो बहुधा घरी होता. आमच्या हॉलची सगळ्यात मोठी दुखरी जागा हीच होती. दाखल होताना मूल घाबरलेलं असतं, कुठलातरी फोन नंबर सांगतं. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन मी फोन लावत बसायचे आणि पलीकडे ‘हा नंबर वापरात नाही’. घरी पत्र पाठवता येत नाही, पत्र आई उघडते. एका मुलीवर उपचार झाले ते ती सतरा दिवसांनी पुन्हा पकडली गेली म्हणून. त्या दिवशी तिला औषध देताना मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

उपचार अगदी साधे आहेत. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गनोरियाला सेफ्ट्रिअॅक्सोनचं एक इंजेक्शन. 2021 पर्यंत क्लॅमिडियाला अझिथ्रोमायसिनचा एकच डोस चालायचा, आता डॉक्सी जास्त खात्रीचं मानतात. पण उद्या सुटणाऱ्या मुलाला चौदा गोळ्या द्यायच्या म्हणजे त्यातल्या दहा दप्तरातच राहणार. अशा वेळी मी डॉक्टरांना सरळ म्हणायचे, समोर उभं करून अझिथ्रोमायसिनचा एक डोस देऊ या. जोडीदारालाही औषध लागतं. ते या राज्यात पेशंटच्या हाती पाठवता येतं, जोडीदाराला तपासायला यावंच लागतं असं नाही. आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, कारण परत लागण होणं फार कॉमन आहे.

तेव्हा रिपोर्टसाठी हॉलशी भांडू नका. निगेटिव्ह आला असेल तर बहुतेक ठिकाणी फोनच करत नाहीत. भाच्याला तुम्ही गाठा, आई-वडिलांनी नको. आत्याला पोरं जरा जास्त बोलतात. ‘काय निघालं’ हे विचारूच नका. ‘हॉलच्या वैद्यकीय विभागाला फोन कर, नाव आणि जन्मतारीख सांग, रिपोर्ट विचार’ एवढंच सांगा. गोळ्या लागल्या आणि घरच्या इन्शुरन्सवर नको असेल, तर फॅमिली पॅक्ट (कुटुंबनियोजन आणि लैंगिक आजारांच्या मोफत सेवांची राज्याची योजना) घेणारं क्लिनिक शोधू दे, तिथे त्याचं स्वतःचं उत्पन्न बघतात, बापाचं नाही. आणि त्याचा व्हॉइसमेल भरलेला नाही ना, ते बघायला सांगा. काउंटीचा फोन अनोळखी नंबरवरून येतो, आणि या वयाची मुलं अनोळखी नंबर कधीच उचलत नाहीत.