गटात अभ्यास केल्याने मुलांचे गुण खरंच वाढतात का?

वाढतात. पण चार बाकं जोडून मुलांना एकत्र बसवलं म्हणजे सहकारी अध्ययन, म्हणजे एकमेकांच्या मदतीने शिकणं, झालं असं नाही. तेवढ्यावर थांबलं की एक हुशार मुलगी सगळं लिहिते आणि बाकीचे उतरवून घेतात.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट स्लाव्हिन यांनी बसवलेली पद्धत मला सर्वांत पटते. वेगवेगळ्या गतीने शिकणारी चार मुलं एका गटात. शिक्षकांनी धडा शिकवला की ती एकमेकांची तयारी करून घेतात, चाचणी मात्र ज्याची त्याने एकट्याने द्यायची. गटाचे गुण ठरतात ते प्रत्येकजण स्वतःच्या आधीच्या सरासरीपेक्षा किती पुढे गेला यावरून. म्हणजे ३५ वरून ४५ वर आलेलं मूलही गटाला गुण मिळवून देतं, आणि त्याच्याकडे बघण्याची वर्गाची नजरच बदलते! गटाचं बक्षीस आणि प्रत्येकाची स्वतंत्र जबाबदारी दोन्ही असेल तिथे गुण ठळकपणे वाढतात, असं त्यांना आढळलं.

हुशार मुलांचं यात नुकसान होत नाही. अपूर्णांकांची बेरीज दुसऱ्याला समजावताना छेद समान का करायचा, हे त्यांना स्वतःलाच पक्कं कळतं. नुसतं उत्तर सांगून टाकलं तर मात्र दोघांच्याही हाती काही लागत नाही.