प्रोग्रॅमिंग न येता कीबोर्ड आपल्यासारखा करायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोजवर इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या प्रमाण कीबोर्ड मांडणीने, मराठी टाइप करता, काम भाषांतराचं, ॲ आणि ऱ्य दर वेळी जुन्या फाइलीतून उचलून चिकटवता. कुणीतरी म्हणालं, ‘स्क्रिप्ट लिही’. प्रोग्रॅमिंगचा गंध नसताना जमेल का?

जमेल. मी कॉमर्सची, डीटीपीतून मुद्रितशोधनात आले. ऑटोहॉटकी म्हणजे विंडोजवर कीबोर्डाच्या की आपल्या मनासारख्या चालवणारा प्रोग्रॅम. माझी त्याची फाइल आज ४५ ओळींची आहे आणि तिच्यातली बहुतेक प्रत्येक ओळ वरच्या ओळीकडे बघून लिहिलेली आहे. ‘स्क्रिप्ट’ या शब्दाचाच धाक जास्त. नोटपॅडमध्ये केलेली साधी फाइल असते ती, आणि ओळीओळीत ‘हे दाबलं की ते उमटव’ एवढाच निरोप.

मात्र अख्खी मांडणी उलटीपालटी करायच्या भानगडीत पडू नका. मी पडले होते. ळ शिफ्ट दाबून का काढायचा, म्हणून तो दुसरीकडे हलवला. आठवडाभर मजा वाटली, मग दुसऱ्याच्या मशीनवर बसायची वेळ आली आणि बोटं आंधळी झाली. इनस्क्रिप्टला स्वतःची शिस्त आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, क वर शिफ्ट दाबला की ख, त वर थ, ल वर ळ. १९९१च्या भारतीय मानकात ही मांडणी आली, तेव्हापासून लाखो बोटांना ती पाठ आहे. ती तशीच राहू द्या. आठवडाभर शेजारी एक कागद ठेवा आणि जिथे जिथे हात अडतो तिथे रेघ मारा. ज्याच्यापुढे दहा रेघा झाल्या, त्याचीच ओळ लिहायची.

आता प्रत्यक्ष काम. ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्तीच घ्या. ती २०२२च्या डिसेंबरात आली, त्यामुळे नेटवर पडलेली बरीच उदाहरणं पहिल्या आवृत्तीची आहेत. ती जशीच्या तशी चिकटवली तर चुकांची खिडकी उघडते आणि माणूस समजतो की आपल्याला जमत नाही. शिवाय पहिल्या आवृत्तीत फाइल विशिष्ट पद्धतीने सेव्ह केली नाही तर देवनागरीच्या जागी नुसता कचरा उमटायचा. नव्या आवृत्तीत साधं यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची आजची रूढ पद्धत) चालतं, आणि आजचं नोटपॅड तसंच सेव्ह करतं.

पहिली ओळ कॅप्सलॉकची. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत, त्यामुळे मराठी लिहिताना ती की नुसती बसून खाते. इंग्रजीत कॅप्सलॉकचं नाव, लगेच दोन कोलन, मग सेंडटेक्स्ट हा शब्द सलग, एक जागा सोडून दुहेरी अवतरणात ॲ. झालं. दुसरी ओळ हीच, फक्त सुरुवातीला अधिकचं चिन्ह. त्याचा अर्थ शिफ्ट. अवतरणात ऱ चा पाय मोडून ठेवा, म्हणजे ऱ्. पुढे य दाबलात की दऱ्या, ह दाबलात की कऱ्हाड.

इथे जरा थांबा, कारण कोणत्या कीवर अक्षर बसवलं यापेक्षा अवतरणात कोणतं अक्षर गेलं याला महत्त्व आहे. ॲ दोन प्रकारे दिसतो. एक अखंड ॲ, जो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, २००८ साली आला. दुसरा अ वर अर्धचंद्र ठेवून केलेला, जुन्या सवयीचा. छापून दोन्ही सारखेच, पण शोधताना एकाने दुसरा सापडेलच याची खात्री नाही. ओळखायचा कसा? अक्षरामागे कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस मारा. सगळं गेलं तर अखंड, नुसता अ उरला तर जोडलेला. अखंड हवा असेल तर वर्डमध्ये ०९७२ टाइप करा, आकडे मात्र इंग्रजी, आणि ऑल्ट-एक्स दाबा. डोळ्यांतल्या बुबुळासारखा जपून तो स्क्रिप्टमध्ये चिकटवा. ऱ्य चंही तेच: कुणी ऱ ने करतं, कुणी साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. एक पद्धत धरा, तीच ठेवा.

दुसरा प्रकार लघुरूपांचा. कोलन-कोलन, लघुरूप, कोलन-कोलन, पूर्ण शब्द:

::मनपा::महानगरपालिका

मनपा लिहून स्पेस दिला की शब्द उलगडतो. पण मराठीत शब्द क्वचितच एकटा येतो. महानगरपालिकेने, महानगरपालिकेच्या. तिथे ही ओळ कामाची नाही. म्हणून सामान्यरूपाची वेगळी ओळ लागते:

:*:मनपे::महानगरपालिके

तारा टाकला की स्पेसची वाट न बघता उलगडतं, पुढे तुम्ही ने, च्या, त काहीही जोडा. इंग्रजीवरून शिकवणारे हे सांगत नाहीत, त्यांना सामान्यरूप नसतं. आपलं लघुरूप पुसायला स्क्रिप्ट स्वतःच बॅकस्पेस मारते. मनपे मध्ये डोळ्यांना तीन अक्षरं दिसली तरी मात्रा वेगळी मोजली जाते. रोमन अक्षरं घेऊन खाली पर्याय दाखवणारे कीबोर्ड वापरत असाल तर ही देवनागरी लघुरूपं चालणार नाहीत, हे ध्यानात ठेवा.

ताऱ्याचा एक फटका सांगते. गिर्यारोहणाच्या पुस्तकात लेखकाने सगळीकडे ‘दर्या’ लिहिलं होतं, म्हणून मी टाइप करताना दर्या आलं की दऱ्या व्हावं अशी ओळ टाकली आणि विसरले. पुढचं काम कोळ्यांच्या आठवणींचं. ‘दर्यात होड्या लोटल्या’ असं मी लिहितेय आणि पडद्यावर ‘दऱ्यात होड्या लोटल्या’. तीन प्रकरणं गेली, मग प्रकाशकांकडून फोन आला की तुमचे कोळी डोंगरात काय करताहेत. आचार्यास आणि आचाऱ्यास ही जोडीही अशीच, गुरुजींना थेट स्वयंपाकघरात पाठवणारी. जिथे दोन्ही शब्द खरे असतात तिथे आपोआप बदल लावूच नका.

अडलात तर घाबरू नका. खाली घड्याळाजवळ हिरवा एच दिसतो, त्यावर उजवी क्लिक केली की स्क्रिप्ट थांबवता येते किंवा बदल केल्यावर पुन्हा चालू करता येते. फाइलीचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकला की मशीन सुरू होताच ती चालू होते. ऑफिसचं मशीन असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा, कारण कीबोर्डावर लक्ष ठेवणारी कुठलीही गोष्ट अँटिव्हायरसला संशयास्पद वाटू शकते. परवानगी नाही मिळाली तर मायक्रोसॉफ्टचाच कीबोर्ड लेआउट क्रिएटर आहे, त्यात ॲ साठी स्वतंत्र जागा करून नवा कीबोर्ड बसवता येतो. लघुरूपं मात्र त्यात नाहीत, आणि बसवायला ॲडमिनचा पासवर्ड लागतोच.

हो, पासवर्डवरून आठवलं. कॅप्सलॉक बदलल्यावर इंग्रजी पासवर्डात कॅपिटल अक्षर शिफ्टनेच काढायची सवय करा. मी पहिल्या दिवशी बँकेच्या पासवर्डात दोनदा ॲ घातला होता.