जिन्याच्या तिरप्या भिंतीला वॉलपेपरचे 3 रोल पुरतील का?

तुमचा हिशोब असा आहे: नागपुरात बेशाच्या डुप्लेक्समध्ये जिन्यालगतची भिंत 12 फूट रुंद, पायथ्याशी 18 फूट उंच, वरच्या टोकाला 9. म्हणजे 162 चौरस फूट. रोल 57 चौरस फुटांचा, म्हणून 3 रोल.

नाही पुरणार. मनीषनगरात आमच्या जिन्याला मी हाच भागाकार केला होता. मिस्त्रीही म्हणाला, "भाऊ, काहून टेन्शन घेऊन राहिले, होते इतक्यात." शेवटची पट्टी कमी पडली. नंतर आणलेला रोल दुसऱ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या वेळी छापलेला निघाला, आणि रंगात किंचित फरक होता. दुपारी खिडकीतून ऊन आलं की ती पट्टी वेगळी उठून दिसते, आणि बायको पाहुण्यांना ती आवर्जून दाखवते.

हिशोब पट्ट्यांचा करा. नेहमीचा रोल 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब असतो. 12 फुटांत 7 पट्ट्या बसतात, सातवी थोडी कापून. प्रत्येक पट्टीची लांबी तिच्या उंच कडेला मोजायची, कारण खालचा तिरपा कापलेला त्रिकोण कुठेच लागत नाही. तुमच्या भिंतीला पहिली पट्टी 18 फूट, पुढची प्रत्येक पावणेसोळा इंचांनी कमी. वर-खाली छाटायला प्रत्येकीत 4 इंच जास्त धरा. बेरीज जवळजवळ 101 फूट होते आणि 3 रोलमध्ये असतात 99. म्हणजे प्लेन कागदालाही चौथा रोल आलाच.

डिझाइन असेल तर ते किती इंचांनी परत येतं ते लेबलवर बघा. समजा 21 इंच. मग प्रत्येक पट्टी पूर्ण डिझाइनपर्यंत वाढवायची: 11, 10, 9, 9, 8, 7, 6 डिझाइन. एका रोलमध्ये पूर्ण 18 बसतात. आता लांब पट्टीसोबत आखूड पट्टी लावा: 11 आणि 7, 10 आणि 8, 9 आणि 9, उरली 6. चार रोल. सरळ पहिल्या पट्टीपासून ओळीने कापत गेलात तर 11 आणि 10 एका रोलमध्ये मावत नाहीत, आणि पाचवा फोडावा लागतो. शेजारच्या पट्टीत डिझाइन अर्ध्याने खाली सरकणारं असेल तर माझ्या मते आणखी एक रोल धरावा.

मी तुमच्या जागी 5 घेईन, सगळे एकाच लॉट नंबरचे, आणि न उघडलेला रोल दुकानदार परत घेईल का ते बिल करण्याआधी विचारीन. भिंत मात्र दोन-तीन जागी टेप लावून मोजा. आमच्याकडे दोन टोकांत इंचभर फरक निघाला होता.

आणि उन्हाळ्यात कूलरचा ओला झोत त्या भिंतीवर येत असेल तर आधी कूलर हलवा. जोडावरचा कागद तिथूनच सुटायला लागतो.